‘संपूर्ण तपासणी’त कान कुठं गेले?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक आरोग्य शिबिराची बातमी आली, फोटोपण आला, त्यात मागच्या रांगेत टोपी घालून तोंड उघडं टाकून जो म्हातारा उभा आहे तो मीच. बातमीच्या शेवटी लिहिलंय की शिबिरात ज्येष्ठांची ‘संपूर्ण तपासणी’ करण्यात आली. ह्या ‘संपूर्ण’ शब्दाबद्दल मला चार शब्द लिहायचेत, चाराचे चाळीस होतील ते तुम्ही कापा, पण कानाचं तेवढं ठेवा.

शिबिर चांगलं झालं, कुणाला नावं ठेवायची नाहीत. शुगर बघितली, बीपी बघितलं, वजन घेतलं, डोळ्यात टॉर्च मारला, ईसीजी काढला, गुडघ्याला हात लावून वजन कमी करा सांगितलं आणि शेवटी केळं आणि बिस्किटाचा पुडा दिला. (शुगरवाल्याला बिस्किटाचा पुडा. असो.) कान मात्र कुणी बघितला नाही. मंडपात माईकचा कल्लोळ होता म्हणून मी माझी कानातली मशीन काढून खिशात ठेवलेली, डॉक्टर पोरगं होतं बिचारं, त्यानं विचारलं "काही त्रास?" आणि मला ऐकू आलं "काय रास?" मी म्हटलं मीन. त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्याला बोलावलं.

आता माझे कान गेलेत हे मला कसं कळलं ते सांगतो. स्पॅनिशमुळं कळलं. हसू नका, खरंच.

मी बेळगावच्या उद्यमबाग इंडस्ट्रियल एरियात एका मशीन शॉपमध्ये ३४ वर्षं काढली, हेल्पर म्हणून लागलो आणि फोरमन म्हणून बाहेर पडलो. आमच्या शॉपमध्ये स्पेनची एक सिलिंड्रिकल ग्राइंडिंग मशीन होती, सेकंडहँड आणलेली, हिरवी, हत्तीएवढी, आणि तिच्यावरच्या सगळ्या पट्ट्या स्पॅनिशमध्ये. मॅन्युअलपण स्पॅनिशमध्येच, ते कुणालाच कळत नव्हतं म्हणून मालकाच्या कपाटात अगदी जपून ठेवलेलं. लाल बटनाखाली ‘पारादा’ म्हणजे बंद, हिरव्याखाली ‘मार्चा’ म्हणजे चालू, इलेक्ट्रिकच्या दारावर ‘पेलिग्रो’ म्हणजे धोका, आणि दगडाच्या गार्डवर बाण काढून ‘मुएला’. ग्राइंडिंग व्हीलला आम्ही दगडच म्हणतो. तेलाच्या झाकणावर लिहिलेलं असायचं ‘आसेइते’, म्हणजे साधं तेल, पण आम्ही ते इंग्लिशसारखं अ‍ॅसिटे वाचायचो आणि नवीन हेल्परला वाटायचं आत अ‍ॅसिड आहे, तो हातच लावायचा नाही. एका कडक मॅनेजरला पोरं पाठीमागं पेलिग्रोसाहेब म्हणायची. एवढीच आमची स्पॅनिश, १८ वर्षं.

रिटायर झालो, मग इकडं तिकडं पार्टटाइम केलं, मग लॉकडाऊन आला, मग गुडघे गेले, आणि मग जे सगळ्यांचं होतं तेच माझं झालं, सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी टीव्ही आणि मधे मधे गोळ्या. तीन वर्षांपूर्वी शॉपमधल्या पोरांचा फोन आला, "काका, तुमची स्पेनवाली भंगारात चालली, बघून जावा." गेलो. अर्धी खोललेली होती. पोरांनी त्या पट्ट्या काढून एका कॅरीबॅगेत घालून मला दिल्या, त्यात एक पितळी नेमप्लेट होती, नंबर आणि खाली ‘एल्गोइबार, एस्पान्या’. घरी आणलं तर बायको म्हणाली, "भंगार विकायचं असतंय, आणायचं नसतंय." त्या रात्री मोबाईलवर ते एल्गोइबार शोधलं. स्पेनच्या उत्तरेला बास्क म्हणून मुलूख आहे, तिथलं डोंगराच्या खोबणीतलं नदीकाठचं छोटं गाव, आणि गाव कशासाठी प्रसिद्ध तर मशीन टूल्सच्या कारखान्यांसाठी. म्हणजे आमच्या उद्यमबागेचा लांबचा भाऊच की. आणि तिथं भाषापण दोन, बास्क आणि स्पॅनिश, पाट्यासुद्धा दोन्हीत. आपल्याकडच्या मराठी-कन्नड पाट्यांच्या वादाचा विषय मी वाढवत नाही, आपल्या पेपरात तो असतोच.

तिथनं नाद लागला. गल्लीतली एक पोरगी पुण्याच्या क्लासला ऑनलाइन स्पॅनिश शिकत होती, तिला म्हटलं मला पण दाखव, ती रविवारी सकाळी यायला लागली, आणि बाकी दिवस मोबाईलवरचं ते हिरव्या घुबडाचं अ‍ॅप. माझ्याबरोबर मास्तर आले. मास्तर म्हणजे रायबागकडचे रिटायर्ड कन्नड शाळेचे मास्तर, आता वडगावात लेकाकडं असतात, वय ७४, आमची ओळख व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात फिरताना झालेली. ते मला "येनरी फोरमन" (काय हो फोरमन) म्हणतात, मी त्यांना मास्तर म्हणतो. आमची दोघांची वही एकच आहे, दोनशे पानी, डाव्या पानावर ते कन्नडमध्ये लिहितात आणि उजव्या पानावर मी मराठीत, मधे जिथं शिवण आहे तिथं स्पॅनिश शब्द. का एकच वही, तर सुरवातीला मास्तर आपली विसरून आले एवढंच कारण, नंतर तशीच चालू राहिली, वर्षाला दोन संपतात.

लोक विचारतात अवघड जात नाही का ह्या वयात. जातं. दहा शब्द पाठ केले तर सकाळी तीन उरतात, बाकीचे रात्री कुठं जातात देव जाणे. पण आपल्या लोकांना जे सोपं जातं ते इंग्लिशवाल्यांना जात नाही हेपण खरं. कॉफी आवडते म्हणायचं तर स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्ता एल काफे’. शब्दाला शब्द लावला तर मला आवडते कॉफी. इंग्लिशमधनं शिकणाऱ्याला हे उलटं वाटतं, मी आवडतो की कॉफी आवडते असा त्याचा गोंधळ होतो, आपलं तर जन्मापासनं असंच आहे, आणि मास्तरांचं पण ‘ननगे काफी इष्ट’, तेच. ‘मे दुएले ला रोदिया’, मला गुडघा दुखतोय. हे वाक्य आम्हाला पहिल्या महिन्यातच पाठ झालं, सराव रोजचा. त, द, च आपल्यासारखेच, लिहिलेलं असेल तसंच वाचायचं, स्पेलिंगची भानगड नाही. तू आणि तुम्ही वेगळं आहे. क्रियापदावरनं कोण बोलतंय ते कळतं म्हणून मी-मी म्हणावं लागत नाही. आकडे तर तिशीनंतर इतके सरळ की मराठीची लाज वाटावी, आमचे मास्तर पन्नास वर्षं मराठी बोलतात पण अजून एकोणसत्तर म्हटलं की क्षणभर थांबतात.

फक्त ‘आन्योस’ म्हणजे वर्षं, ह्यातला न्य नीट म्हणायचा. न्य सोडून नुसता न म्हटलात तर अर्थ पेपरात छापता येणार नाही असा होतो, पोरगी पहिल्यांदा लाल झाली होती.

आणि आपल्या बोलीची एक गंमत. आमच्याकडं बायकापण मी जातो, मी आलो म्हणतात हे बेळगावकरांना सांगायला नको, पुण्याच्या पाहुण्यांनी दचकू नये. बायको स्वयंपाकघरातनं ऐकून ऐकून काही काही शिकली, एकदा अ‍ॅपमध्ये तिनं म्हटलं ‘एस्तोय कान्सादो’, मी दमलो. पोरगी म्हणाली आजी, बाईनं कान्सादा म्हणायचं. बायको म्हणाली, "दमलो ते दमलो, त्यात बाई काय आणि गडी काय."

शब्दांचं म्हणाल तर माझ्यासारख्या शॉपमधल्या माणसाला घरचेच लोक भेटल्यासारखं झालं. पगार हा शब्द आपल्याकडं पोर्तुगीजांकडनं आला, गोवा १९६१ पर्यंत त्यांच्याकडंच होता आणि बेळगावचा बाजार गोव्याशी आधीपासनं, आणि स्पॅनिश ही पोर्तुगीजची सख्खी बहीण. स्पॅनिशमध्ये ‘पागार’ म्हणजे पैसे देणे. जन्मभर पगार पगार केलं आणि शब्द कुठला ते ७० व्या वर्षी कळलं. बिजागरीला ‘बिसाग्रा’. घमेलं पण त्यांच्यातलंच. पान्याला ‘याबे’ म्हणजे किल्ली, आणि स्क्रू पान्याला म्हणे ‘याबे इंग्लेसा’, इंग्रजी किल्ली. तंबाखू ‘ताबाको’, हे निपाणीच्या साडूला सांगितलं तर तो म्हणाला शब्द त्यांचा असू दे, १९८१ च्या तंबाखू आंदोलनात लाठ्या आम्ही खाल्ल्या. बटाट्याची तर मजाच आहे, स्पेनमध्ये ‘बाताता’ म्हणजे आपलं रताळं, बटाटा म्हणजे ‘पाताता’. नवरात्राच्या आधी आपल्या एपीएमसीत जी रताळ्याची पोती लागतात ती सगळी बातातांची. आणि साखर. साखरेला ‘आसूकार’. संस्कृत शर्करा अरबांकडं गेली, अरबांनी ऊस स्पेनला नेला आणि बरोबर नाव पण नेलं. चिकोडी-अथणीकडं एवढे साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यात राहून, अंगातपण तीच घेऊन फिरतोय.

आणि मुएला. एकदा दाढ दुखायला लागली म्हणून दाढेला काय म्हणतात बघितलं तर ‘मुएला’. माझा दगड! जातं, ग्राइंडिंगचा दगड आणि दाढ तिन्हीला एकच शब्द, दळणारं ते सगळं मुएला. १८ वर्षं ड्रेसिंग केलेला, म्हणजे धार काढलेला दगड माझ्या तोंडात होता आणि मला पत्ता नाही. त्या दिवशी दाढदुखी असून मी खुशीत होतो, मास्तरांना फोन करून सांगितलं.

तर आता कान.

एका रविवारी पोरगीनं आकड्यांचं डिक्टेशन घेतलं. ती स्पॅनिशमध्ये आकडा सांगणार आणि आम्ही अंकात लिहायचा, वीस आकडे. मास्तरांचे अठरा बरोबर. माझे अकरा. आणि चुका कुठं तर बघा, साठ म्हणजे ‘सेसेंता’ आणि सत्तर म्हणजे ‘सेतेंता’, जिथं जिथं सत्तर तिथं तिथं मी साठ लिहिलेलं. म्हणजे माझं स्वतःचं वय, तेव्हा ७० होतं, तेच मी साठ ऐकत होतो. म्हटलं तू पुटपुटतेस, म्हटलं पंख्याचा आवाज आहे. पोरगी हुशार, काही बोलली नाही, म्हणाली आजोबा माझ्या तोंडाकडं बघा. तोंडाकडं बघून सगळे बरोबर आले. मग ती माझ्या पाठीमागं जाऊन उभी राहिली, हातभर अंतरावर, आणि हळू आवाजात तेच आकडे म्हटले. पाचातले चार चुकले. म्हणाली, आजोबा, तुम्ही कधी कान तपासलेत का?

मला राग आला. खोटं कशाला सांगू, राग आला. मला ऐकू येतं, तुमचा आवाज येतोय, बहिरा असतो तर आवाजच आला नसता की. स्वयंपाकघरातनं बायकोचा हसण्याचा आवाज मात्र स्वच्छ ऐकू आला. "दहा वर्षं झाली मी तेच सांगायलोय," ती म्हणाली, "मराठीतनं सांगितलेलं कळंना तुम्हाला, स्पॅनिशमधनं कळलं बघा."

ऑडिओमेट्री केली. काचेच्या खोलीत बसवतात, कानाला हेडफोन, शिट्टी ऐकू आली की बटन दाबायचं. ऑडिओलॉजिस्ट बाईंनी ग्राफ काढून दाखवला, सरळ येते येते आणि चार हजार हर्ट्झजवळ रेघ विहिरीत पडल्यासारखी खाली जाते. म्हणाल्या कारखान्यात होता का. न सांगता ओळखलं. सतत मोठ्या आवाजात काम केलेल्यांचा ग्राफ असाच असतो, ह्या खड्ड्यावरनं ओळखू येतो. आणि त्यांनी जे समजावलं ते मला आजपर्यंत कुणी समजावलं नव्हतं म्हणून इथं लिहितो. स्वर म्हणजे अ, आ, ओ हे जाड आवाज असतात, ते ऐकू येत राहतात. स, त, फ, क हे बारीक आवाजाचे आणि मुळातच हलके, ते आधी जातात. त्यामुळं माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. सेसेंता आणि सेतेंतात फरक काय, एका स आणि त चा. नेमका माझा गेलेला तेवढाच भाग. मराठीत हे इतकी वर्षं लक्षात आलं नाही कारण मराठी माणूस अंदाजानं ऐकतो, अर्धा शब्द ऐकला की उरलेला डोकं भरून घेतं, सवयीची भाषा ना. परक्या भाषेत डोक्याला अंदाज करता येत नाही, जेवढं कानात शिरेल तेवढंच, तिथं पकडला गेलो. आणि ओरडून बोललं की फायदा होत नाही, ओरडल्यानं जाड आवाज आणखी जाड होतात, बारीक तिथंच राहतात. घरोघरी म्हाताऱ्यांवर ओरडणाऱ्यांनी हे वाचावं.

कानाच्या आतले जे बारीक केस असतात, आवाज पकडणारे, ते एकदा मेले की माणसात परत उगवत नाहीत. आमच्या शॉपमध्ये फेटलिंगचा, म्हणजे ओतीव माल घासून साफ करायचा आवाज दिवसभर, कायद्यानं आठ तासाला ९० डेसिबलची मर्यादा आहे, आमच्या वेळी मोजत होतं कोण. आम्ही कानात कॉटन वेस्टचे बोळे घालायचो, त्यानं काडीचा उपयोग होत नाही हे आता कळलं. आजपण उद्यमबागेत पोरं कानात इअरफोन घालून गाणी ऐकत ग्राइंडर चालवतात, त्यांना साधे इअरप्लग द्या एवढं मालक लोकांना सांगणं आहे.

कानातल्या मशीनची किंमत ऐकली तेव्हा दोन्ही कान परत बंद झाले. पण घेतली. पहिले पंधरा दिवस वाईट गेले, पिशवीचा कुरकुर आवाज म्हणजे कुणी पत्रा फाडतंय असं वाटायचं, कुकरची शिट्टी झाली की उठून उभा राहायचो, स्वतःच्या चपलांचा आवाज कित्येक वर्षांनी ऐकला, म्हटलं आपण एवढे फरफटत चालतो? बरेच लोक इथंच मशीन कपाटात टाकतात. बाईंनी सांगितलेलं रोज दोन-तीन तासापासनं सुरू करा, आधी शांत खोलीत, मग हळूहळू. मी स्पॅनिश ऐकण्यापुरती घालायला लागलो, म्हणून टिकली. सेतेंता ऐकू आलं त्या दिवशी मास्तरांना कुंदा, आपली बेळगावची मिठाई, दिला, मी नाही खाल्ला, म्हणजे चमचाभर.

कुंद्यावरनं आठवलं. शब्द लक्षात राहावेत म्हणून घरात चिठ्ठ्या लावायची माझी पद्धत आहे, फ्रीजवर, दारावर, आरशावर. स्पेनवाल्या मशीनची ती ‘पेलिग्रो’ची खरी पट्टी पण होतीच, ती बायकोनं एक दिवस डबल टेपनं कुंद्याच्या डब्यावर चिकटवली. अजून आहे.

आता शुगर स्पॅनिशनं कमी झाली असं मी म्हणणार नाही, असलं काही वाचलं की मला राग येतो. उलट एकदा जीवावर बेतलं होतं. स्पॅनिशमध्ये ‘फुई’ असं रूप आहे, मी होतो याला पण फुई आणि मी गेलो याला पण फुई. दुपारची वेळ, जेवणाआधीची गोळी घेतलेली, बायको बाजारला गेलेली, ताट झाकून ठेवलेलं आणि मी म्हटलं एवढी फुईची भानगड समजून घेऊ मग जेवू. तासाभरानं हात थरथरायला लागले, दरदरून घाम, अक्षरं हलायला लागली, मला वाटलं चष्मा. नशीब बायको आली. ग्लुकोमीटरवर ५८. तीन चमचे साखर पाण्यात घालून दिली, पंधरा मिनिटांनी परत बघितली, मग जेवायला वाढलं. खरोखरच मी होतो आणि मी गेलो एकाच शब्दात बसणार होतं. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, आणि त्यांनी सांगितलेलं महत्त्वाचं म्हणजे ह्या वयात शुगर थोडी जास्त चालेल पण अशी खाली जाता कामा नये. मेटफॉर्मिन पण बरीच वर्षं चालू आहे म्हणून बी१२ तपासायला लावलं, कमी निघालं, पायाच्या मुंग्यांना मी गुडघ्याचं दुखणं समजत होतो. जेवणानंतर पंधरा मिनिटं गल्लीतनं फेऱ्या मारतो. खुर्चीत बसून पाय सरळ उचलून धरायचा व्यायाम, मांडीचा स्नायू घट्ट झाला की गुडघ्यावरचा भार कमी होतो म्हणून, तो स्पॅनिश आकड्यांत करतो, उनो, दोस, त्रेस, क्वात्रो, सिंको. मराठीत मोजताना मी तीनवरनं आठवर उडी मारायचो, परक्या भाषेत चोरी करता येत नाही. तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) ८.४ होती ती आता ७.३ आहे, त्यात गोळीचा हात मोठा, बायकोचा त्याहून मोठा.

पण एवढं मात्र मी बघितलंय, की माणसाला काहीतरी पाहिजे असलं की शरीराच्या कुरबुरी त्याला लवकर दिसतात. मला सेतेंता ऐकायचं होतं म्हणून कान सापडला. मास्तरांना बारीक अक्षरातली डिक्शनरी वाचायची होती म्हणून त्यांनी दोन वर्षं टाळलेलं मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं. नुसता टीव्ही बघत असतो तर आवाज वाढवला असता आणि बसलो असतो.

मेंदूचं काय म्हणाल, तर हैदराबादच्या निम्स हॉस्पिटलमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ पेशंटांचा अभ्यास केला, २०१३ ला छापून आला, त्यात दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांना आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा झालेला दिसला, शाळेचं तोंड न बघितलेल्यांमध्ये पण. पोरगीनं आम्हाला ते वाचून दाखवलं आणि मास्तर लगेच म्हणाले, फोरमन, हे स्पॅनिशवाल्यांचं नाही, हे आपल्या भाजीवाल्या अक्काचं आहे. बरोबर आहे. ते लोक जन्मभर दोन भाषांत वावरलेले होते, सत्तरीत मोबाईलवर घुबड बघणारे नव्हते, त्यामुळं माझ्या स्पॅनिशनं तेवढं होईल असं कुणी सांगितलेलं नाही. पण खडे बाजारात आमची अक्का मला मराठीत, मास्तरांना कन्नडमध्ये, गोव्याच्या गिऱ्हाइकाला कोकणीत आणि मिलिटरीवाल्याला हिंदीत भाव सांगते, आणि आपण ह्या गावात इतकी वर्षं भाषा म्हटलं की फक्त भांडणच आठवतो. असो, मास्तर आणि मी पण भांडतो, पण ते ‘आहे’ साठी स्पॅनिशमध्ये दोन क्रियापदं का लागतात ह्यावर.

लॅन्सेट ह्या मेडिकल जर्नलच्या कमिशनच्या २०२४ च्या रिपोर्टात स्मृतिभ्रंशाची टाळता येण्यासारखी १४ कारणं दिली आहेत, सगळी सांभाळली तर जवळजवळ ४५ टक्के केसेस टळतील किंवा लांबतील असा त्यांचा हिशोब. त्यात शुगर आहे, बीपी आहे, सिगरेट आहे, एकटं पडणं आहे, आणि कमी ऐकू येणं पण आहे. शुगर-बीपी आपल्या शिबिरात असतं. कान नसतो. म्हणून हे पत्र.

मोठ्या मशिनी नकोत. पोरगीनं केलं ते डॉक्टर लोकपण करतात हे मला नंतर कळलं, मागं हातभर अंतरावर उभं राहायचं, एक कान बंद करायचा आणि कुजबुजत दोन-तीन आकडे-अक्षरं म्हणायची, सांगता आली नाहीत तर पुढच्या तपासणीला पाठवायचं. दोन मिनिटं लागतात. बिस्किटाचा पुडा द्यायला तेवढाच वेळ लागतो. ज्यांना मशीन परवडत नाही त्यांच्यासाठी केंद्राची २०१७ पासनं वयोश्री योजना आहे, दारिद्र्यरेषेखालच्या ६० वर्षांवरच्यांना काठी, चष्मा, कवळी, कानाचं यंत्र मिळतं, शिबिराच्या मंडपात त्याचे फॉर्म ठेवले तरी चालेल. आणि आपल्याच राज्यात म्हैसूरला वाणी आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे, आयोजकांनी त्यांना एक पत्र टाकून मार्गदर्शन मागायला काय हरकत आहे?

दुसरी विनंती वाचनालयांना आणि ज्येष्ठ नागरिक संघांना. दुपारी दोन ते पाच तुमचे हॉल रिकामे असतात, पंखे बंद, खुर्च्या उलट्या. आमचा क्लास आता सहा जणांचा झालाय, आमच्या माडीवर चढायला दोघांना जमत नाही. एक खालची खोली द्या, फळा आमचा, खडू आमचा. स्पॅनिशच पाहिजे असं नाही, कुणाला उर्दू शिकायची असेल, कुणाला तबला, कुणाला मोडी, आमच्या वडगावातल्या एका विणकर मामांना कॉम्प्युटरवर डिझाईन काढायला शिकायचंय, ह्या वयात उपयोग काय असं त्यांचाच मुलगा म्हणतो. त्याला मी विचारलं तू रोज रात्री दोन तास मोबाईलवर क्रिकेटचे जुने हायलाइट्स बघतोस त्याचा काय उपयोग, तर म्हणाला तो टाइमपास. मग मामांचा पण टाइमपासच समज की.

खोली मिळेपर्यंत आमचं चालूच आहे, मंगळवार आणि शुक्रवार दुपारी तीनला, शहापुरात, व्हॅक्सिन डेपोत सकाळी सहाला आम्हा दोघांपैकी कुणालाही विचारलं तर घर सांगतील, एक काळी टोपी आणि एक पांढरं धोतर. फी नाही. वही आपली आणावी, आमच्या वहीत आता जागा नाही. कानातली मशीन असेल तर घालून यावं, आणि गोळी घेत असाल तर कृपा करून घरनं जेवून यावं.

आपला,
एक निवृत्त फोरमन
शहापूर, बेळगाव